शरियत, संसद आणि सात शब्द

इस्लामवर कुठेही चर्चा निघाली की थोड्या वेळाने एक प्रश्न हमखास येतो. कायदा देवानेच दिला आहे असे मानणारा समाज, निवडून दिलेल्या माणसांना कायदे करू देईल कसा? हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना वाटते की मुस्लिम समाज आणि लोकशाही यांचे मुळातच जमायचे नाही. काही श्रद्धाळू मुस्लिम तरुणांना मात्र खरोखरचा पेच पडलेला असतो. मत द्यायचे, संसदेचा कायदा पाळायचा आणि दीन म्हणजे धर्मही सांभाळायचा, हे सगळे एकाच वेळी कसे साधायचे? दोघांनाही सरळ उत्तर मिळायला हवे.

थोडक्यात उत्तर असे, की ग्रंथ स्वतः न्यायासनावर बसत नाही. त्याचा अर्थ लावायला माणूस लागतो. तो माणूस कोणी नेमला आणि त्याचे चुकले तर निर्णय बदलता येतो का, यावर पुढचे सगळे ठरते. हे नुसते तत्त्व राहू नये म्हणून या प्रकरणात आपण इंडोनेशिया हा एक देश जवळून पाहू. तिथल्या सुमारे २८ कोटी लोकांपैकी जवळपास ८७ टक्के मुस्लिम आहेत. इतकी मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेला हा देश १९९९ पासून नियमित निवडणुका घेतो आहे. पण त्याआधी दोन गोष्टी समजून घेऊ.

१. शरियत कुठे लिहिलेली असते?

शरियत म्हणजे कलम एक, कलम दोन अशी छापलेली एखादी संहिता असावी, असा अनेकांचा समज असतो. तशी एकच संहिता नाही. कुराणात सहा हजारांहून जास्त आयती आहेत. त्यांतल्या ज्यांचा कायद्याशी थेट संबंध येतो अशा काही शेच. बाकीच्या श्रद्धा, नीती, उपासना आणि पूर्वीच्या प्रेषितांच्या कथा यांविषयीच्या. या आयती, हदीस म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, विद्वानांचे एकमत आणि एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगाचा निर्णय काढण्याची पद्धत, एवढ्या सामग्रीतून शतकानुशतके विद्वानांनी नियम काढले. या विद्वानांच्या कामाला फिक्ह म्हणतात.

पाऊस आभाळातून पडतो, विहीर मात्र माणूस खणतो. तोच पाऊस एका विहिरीत गोड लागतो, दुसरीत मचूळ; जमीन कशी आणि खणले कुठे यावर ते ठरते. श्रद्धावानाच्या दृष्टीने शरियत वरून आलेली आहे. फिक्ह म्हणजे माणसांनी खणलेल्या विहिरी. सुन्नी पंथात हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार मोठ्या परंपरा आहेत, शियांची जाफरी परंपरा वेगळी. उत्तर भारतातले बहुतेक सुन्नी हनफी, तर आपल्या कोकणपट्टीवरचे मुस्लिम प्रामुख्याने शाफई. इंडोनेशियाही शाफईच. हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापाराची ही खूण आहे.

परंपरा वेगळी असली की निर्णय किती बदलतो, हे एका उदाहरणात पाहू. एका बाईचा नवरा घर सोडून गेला आणि त्याचा ठावठिकाणा लागत नाही. तिने दुसरे लग्न कधी करावे? जुना हनफी नियम सांगे, की त्याच्या वयाची माणसे मरण पावण्याइतका काळ जाईपर्यंत थांबायचे. म्हणजे जवळजवळ जन्मभर. मालिकी परंपरेत चार वर्षे पुरत. ब्रिटिश काळात पंजाबात काही स्त्रिया अशा लग्नातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी विद्वानांनीच मालिकी नियम घ्यायला हरकत नाही असे सांगितले. मग १९३९ साली दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाने मुस्लिम विवाह विच्छेद कायदा केला. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसेल तर पत्नीला घटस्फोट मागता येतो, ही तरतूद भारतात आजही लागू आहे.

इथे काय घडले ते लक्षात घ्या. आयत बदलली नाही. दोन प्रामाणिक अर्थांपैकी बाईला जगू देणारा अर्थ निवडला गेला, आणि तो निवडला विधिमंडळाने. मुस्लिम समाज विधिमंडळातून कायदा करू शकेल का, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच कायद्याच्या पुस्तकात आहे.

२. सार्वभौम कोण?

आता दुसरी गोष्ट. सत्ता फक्त अल्लाची, मग जनता सार्वभौम कशी, असा आक्षेप घेतला जातो. विसाव्या शतकात तो सर्वांत आग्रहाने मांडला मौलाना मौदूदी यांनी. त्यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. सार्वभौमत्व देवाचे आणि माणूस हा त्याने नेमलेला कारभारी, हा त्यांच्या विचाराचा गाभा.

पाकिस्तानच्या संविधान सभेने १२ मार्च १९४९ रोजी उद्दिष्टांचा ठराव संमत केला. त्यातही सार्वभौमत्व अल्लाचेच आहे असे म्हटले, पण ती सत्ता लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत वापरायची, असेही नोंदवले. म्हणजे देवाची सार्वभौमता मान्य केल्यावरही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. कारभार कोणाच्या हाती?

या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली. पाकिस्तानात १९७९ साली काही गुन्ह्यांना धर्मशास्त्रातल्या शिक्षा लावणारे हुदूद अध्यादेश आले ते लष्करशहा झिया उल हक यांच्या सहीने. कोणत्याही निवडून आलेल्या सभागृहाने ते मंजूर केले नव्हते. त्यांतल्या कडक शिक्षेसाठी बलात्काराचे चार मुस्लिम पुरुष साक्षीदार लागत, आणि तक्रार सिद्ध झाली नाही तर बाईवरच व्यभिचाराचा ठपका येण्याची भीती असे. २००६ मध्ये संसदेने कायदा करून बलात्काराचा गुन्हा पुन्हा सर्वसाधारण दंडसंहितेत नेला. तेव्हाही सत्तेवर लष्करशहाच होता, पण ही दुरुस्ती सभागृहात चर्चा आणि मतदान होऊन झाली.

इराणमध्ये निवडणुका होतात, पण १२ जणांचे पालक मंडळ उमेदवार आधी तपासते आणि संसदेने केलेला कायदाही अडवू शकते. मंडळातल्या सहा धर्मपंडितांना देशाचा सर्वोच्च नेता नेमतो. मतदार मत देतात, पण कोणाला देता येईल ते त्यांच्या आधीच दुसऱ्या कोणी ठरवलेले असते. इंडोनेशियाने वेगळी वाट धरली. ती कशी, ते आता पाहू.

३. एका सकाळी गळलेले सात शब्द

१९४५ च्या उन्हाळ्यात इंडोनेशिया जपानच्या ताब्यात होता आणि स्वातंत्र्य दारात आले होते. राज्याचा पाया कोणता असावा यावर नेत्यांचा खल चालू होता. १ जूनला स्वातंत्र्य चळवळीचे नेते सुकार्नो यांनी पंचशिला ही कल्पना मांडली. संस्कृतातून आलेले हे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. ईश्वरावर श्रद्धा, मानवता, राष्ट्रीय एकता, विचारविनिमयाने चालणारी लोकसत्ता आणि सामाजिक न्याय, ही ती पाच तत्त्वे.

धार्मिक नेत्यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. नऊ जणांच्या समितीने २२ जूनला तडजोडीचा मसुदा केला. त्याला जाकार्ता सनद म्हणतात. पहिल्या तत्त्वाला इंडोनेशियन भाषेतले सात शब्द जोडले गेले. त्यांचा आशय असा, की इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचे बंधन राहील. समितीतले एक सदस्य ख्रिस्ती होते, त्यांनीही सही केली.

१७ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्याच संध्याकाळी सुकार्नो यांचे सहकारी महंमद हत्ता यांच्याकडे निरोप आला, की हे शब्द राहिले तर पूर्वेकडच्या बेटांवरचे ख्रिस्ती लोक नव्या राष्ट्रात राहायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, संविधान मंजूर व्हायच्या आधी, हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांना बाजूला बोलावले. सर्वांत अडून होते की बागुस हदिकुसुमो, मुहम्मदिया या बलाढ्य धार्मिक संघटनेचे प्रमुख. शेवटी तेही तयार झाले. सात शब्द गेले. त्यांच्या जागी ‘एकमेव ईश्वर’ असा उल्लेख आला. राष्ट्राध्यक्ष मुस्लिमच असावा ही अटही काढण्यात आली.

हा निर्णय सोपा नव्हता. आपली फसवणूक झाली, ही भावना काही मुस्लिम गटांत पुढे अनेक वर्षे राहिली. पण बहुसंख्य असलेल्या समाजाच्या नेत्यांनी अल्पसंख्यांना सोबत ठेवण्यासाठी स्वतःची मागणी मागे घेतली, हेही तितकेच खरे. लोकशाहीत बहुमताच्या जोरावर काय करता येते हे सगळ्यांना कळते. बहुमत हाताशी असताना थांबायला शिकणे त्याहून अवघड असते.

४. मतपेटीने काय सांगितले?

सात शब्द गेले, पण वाद संपला नाही. १९५५ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. इस्लामी पक्षांना मिळून चाळीस टक्क्यांहून अधिक मते मिळाली. बहुमत मात्र मिळाले नाही. नवे संविधान लिहायला बसलेल्या संविधान सभेत शरियतवादी आणि पंचशिलावादी दोघेही दोन तृतीयांशांपर्यंत पोहोचले नाहीत. ५ जुलै १९५९ रोजी सुकार्नो यांनी फर्मान काढून १९४५ चे संविधान परत आणले आणि चर्चाच बंद पडली. त्यानंतर जवळपास चार दशके आधी सुकार्नो आणि मग सुहार्तो यांची हुकूमशाही चालली. वाद दडपला गेला, सुटला मात्र नाही.

मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले. तेव्हा अनेकांना भीती होती की दार उघडताच कट्टरपंथी आत शिरतील. २००२ मध्ये संविधान दुरुस्तीच्या वेळी काही पक्षांनी सात शब्द परत घालण्याचा प्रस्ताव खरोखर आणला. तो टिकला नाही. त्याच्या विरोधात सर्वांत वजनदार आवाज होता नहदलतुल उलमा आणि मुहम्मदिया या देशातल्या सर्वांत मोठ्या दोन इस्लामी संघटनांचा. मुहम्मदिया १९१२ ची, नहदलतुल उलमा १९२६ ची. दोन्हींच्या मशिदी, शाळा, मदरसे गावोगाव पसरलेले आहेत. धर्म सरकारच्या हाती दिला की सरकार त्याचा वापर करून घेते, हे त्यांनी हुकूमशाहीत पाहिले होते. नहदलतुल उलमाचे नेते अब्दुर्रहमान वाहिद १९९९ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांच्यानंतर २००१ मध्ये मेगावती सुकार्नोपुत्री ही स्त्री त्या पदावर आली.

२०१९ मध्ये पश्चिम जावातल्या बांजार इथल्या परिषदेत नहदलतुल उलमाने जाहीर केले, की आधुनिक राष्ट्रात बिगर मुस्लिमांना काफिर म्हणू नये. ते बरोबरीचे नागरिक आहेत. एका धार्मिक संघटनेने धर्माच्याच भाषेत नागरिकत्वाची बाजू घेतली.

५. एका तलाकाचा प्रवास

आता घराच्या उंबऱ्यावर येऊ. समजा, जावातल्या एका गावात एका माणसाने रागाच्या भरात बायकोला तीनदा तलाक म्हटले. पुढे काय?

सरकारी कायद्याच्या लेखी काहीच झालेले नाही. १९७४ च्या विवाह कायद्यानुसार घटस्फोट न्यायालयातच होतो. मुस्लिमांसाठी स्वतंत्र धार्मिक न्यायालये आहेत आणि ती २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या छत्राखाली आली. नवऱ्याला तिथे अर्ज करावा लागतो. बायकोला बोलावणे जाते. आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर न्यायाधीश कारणे तपासतात. कारण पटले तर इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबण्याच्या, काळातला खर्च आणि मुलांची सोय ठरते. मगच नवरा न्यायाधीशांसमोर तलाक उच्चारतो. त्या न्यायासनावर बाई बसलेली असू शकते, कारण तिथे स्त्रिया न्यायाधीश आहेत. बायकोला सुटका हवी असेल तर तीही दावा लावू शकते, आणि तिथल्या घटस्फोटांपैकी बहुसंख्य बायकांच्याच दाव्यांतून होतात.

तलाक हा धार्मिक नियम राहिला, पण नवऱ्याच्या तोंडातून सुटला आणि लागू झाला असे आता होत नाही. कारण द्यावे लागते, समोरच्याचे ऐकावे लागते आणि अपील करता येते. खेड्यापाड्यांत अजूनही काही जण घरच्या घरी तलाक झाला असे मानतात. कागदावरचा कायदा मनात उतरायला वेळ लागतो.

याच विवाह कायद्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय १६ आणि मुलाचे १९ होते. एप्रिल २०१७ मध्ये चेरिबोन इथे स्त्री धर्मपंडितांचे संमेलन भरले आणि त्यांनी बालविवाहाविरुद्ध धार्मिक मत दिले. त्याचा आधार धर्मशास्त्रातलाच होता, मुलीचे नुकसान टाळणे हे कर्तव्य आहे. डिसेंबर २०१८ मध्ये घटना न्यायालयाने मुलगा आणि मुलगी यांत केलेला हा भेद समानतेच्या विरुद्ध ठरवला. २०१९ मध्ये संसदेने दोघांसाठी १९ हे वय केले. पंडित स्त्रिया, न्यायालय आणि संसद अशा तीन दारांतून एक सुधारणा आत आली. मात्र न्यायालयाकडून सवलत घेऊन लवकर लग्न लावण्याची वाट मोकळी राहिली, आणि असे अर्ज पुढे झपाट्याने वाढले. सुधारणा झाली, पण ती पुरी झाली असे म्हणता येत नाही.

६. घोडे कुठे अडते?

इंडोनेशियाचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१६ मध्ये जाकार्ताचे गव्हर्नर बासुकी त्जाहाजा पुर्नामा ऊर्फ अहोक हे चिनी वंशाचे ख्रिस्ती होते. निवडणुकीआधी एका भाषणात त्यांनी कुराणातल्या एका आयतीचा उल्लेख केला. धर्मनिंदेचा आरोप झाला, लाखो लोक रस्त्यावर उतरले. २०१७ मध्ये ते निवडणूक हरले आणि ९ मे रोजी त्यांना दोन वर्षांची कैद झाली. ज्या धर्मनिंदा कायद्याचा इथे संबंध आला, तो सुकार्नो यांच्या काळातला, १९६५ चा. घटना न्यायालयाने २०१० मध्ये तो कायम ठेवला होता.

सुमात्राच्या टोकाचा आचे प्रांतही तसाच. दीर्घ सशस्त्र संघर्ष शमवण्यासाठी केंद्राने त्याला विशेष स्वायत्तता दिली, त्यात शरियतचे कायदे करण्याची मुभाही होती. तिथे २०१५ पासून लागू असलेल्या दंडविधानानुसार दारू, जुगार, विवाहबाह्य संबंध यांसाठी चारचौघांत फटके मारले जातात. हे कायदे निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळानेच केले. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मतपेटी एकटी पुरेशी नाही. बहुमत माणसाच्या अंगावर हात टाकते तेव्हा त्याला अडवणारे मूलभूत हक्क आणि स्वतंत्र न्यायालयही लागते.

धोका नेहमी धार्मिक पक्षाकडूनच येतो असेही नाही. ट्युनिशियात २०११ च्या क्रांतीनंतर इस्लामी विचाराचा एन्नाहदा पक्ष २१७ पैकी ८९ जागा जिंकून पहिला आला. तरी त्याने संविधानात शरियत घालण्याचा आग्रह सोडला. २०१४ च्या संविधानाने श्रद्धेचे आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य मान्य केले. जुलै २०२१ मध्ये संसद गोठवली ती कैस सईद यांनी. ते घटनाशास्त्राचे माजी प्राध्यापक आणि कोणत्याही पक्षाचे नसलेले राष्ट्राध्यक्ष.

७. आपल्याकडचा मोर्चा

हा सगळा वाद महाराष्ट्राने दुरून पाहिलेला नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. समाजाने त्यांना फार विरोध केला. १९७७ साली ते गेले.

एका झटक्यातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. १९६६ पासून मोजले तर एकावन्न वर्षे. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही ठरवला, नवऱ्याला तुरुंगात घालून बाईचे भले होते का यावर वाद आहे. पण मागणी कोणी आधी केली हे विसरता कामा नये. ती मुस्लिम घरांतल्या बायकांनीच केली होती.

८. कोणताही देश जोखण्याचे तीन प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे पुन्हा पाहता येईल. इस्लाम आणि लोकशाही जमते का, या ढोबळ प्रश्नातून काही हाती लागत नाही. पाकिस्तान, इराण, इंडोनेशिया, ट्युनिशिया यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि एकाच देशात ती काळानुसार बदलली आहेत. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो त्याला कोणी दिला? दुसरा, त्याचा निर्णय चुकला तर न्यायालयात, सभागृहात किंवा मतपेटीत तो बदलता येतो का? तिसरा, त्या निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना, म्हणजे बायकांना, अल्पसंख्यांना, वेगळे मत असणाऱ्यांना, तोंड उघडता येते का?

हे तिन्ही प्रश्न फक्त मुस्लिम समाजापुरते नाहीत. कोणत्याही धर्माचे लोक आपल्या श्रद्धेला कायद्याचे रूप देऊ पाहतात तेव्हा ते विचारावे लागतात, आपल्या देशातही. आणि मुस्लिम तरुणाच्या पेचाचे उत्तर त्याच्याच परंपरेत आहे. नियमांवर वाद घालण्याची, एकाहून अधिक प्रामाणिक मते शेजारी शेजारी चालवण्याची हजार वर्षांची सवय त्या परंपरेला आहे. संसदेत चर्चा करून मत देणे हे त्या सवयीचेच पुढचे पाऊल आहे, आणि ते टाकायला श्रद्धा सोडावी लागत नाही.